डावीकडे वळताना

हिरासावा, ८ एप्रिल

तोकुजी भावोजी यांस,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायची पद्धत आहे. आज त्या लिहीत नाही. त्या आदरापोटी लिहायच्या असतात आणि माझ्याकडचा आदर तुमच्या गॅरेजच्या दारात सांडला.

गाडी तिसऱ्यांदा तुमच्याकडून परत आली आणि आवाज तसाच आहे. स्टीअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून हळू निघालं की पुढून कट-कट-कट येतं. चाक जोरात फिरलं की आवाजही जोरात धावतो. घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत डावीकडची तीन वळणं आहेत. तिन्ही वळणांवर तो हजर असतो.

पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा तुम्हाला डिकीत घरंगळणारं एक सफरचंद सापडलं. ते कागदी पिशवीत घालून दोन गिऱ्हाइकांदेखत माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "घ्या वहिनी, तुमचा बिघाड." लोक हसले. घरी येताना पहिल्याच वळणावर कट-कट-कट. दुसऱ्यांदा म्हणालात, "काही नाही." तिसऱ्यांदा बायकोच्या, नोबुएच्या हाती चिठ्ठी पाठवलीत: "आवाज नाही. मी स्वतः चालवून पाहिली."

मी फोन केला. सकाळी आठला केला, जेवणाच्या वेळी केला, पाचला केला. तिन्ही वेळा नोबुए म्हणाली, "ते गाडीखाली आहेत हो, वहिनी." म्हणून हे पत्र. पत्राला गाडीखालून उत्तर देता येतं.

तुमच्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली. मी शहात्तरची आहे. या टेकडीवर एकटी आहे आणि साठ झाडांची छाटणी, विरळणी, वेचणी मीच करते. दुकान नऊ किलोमीटरवर आहे आणि बस बंद होऊन सहा वर्षं झाली. गाडी गेली तर टेकडी गेली. तेव्हा एका ओळीत सांगा. आवाज कशाचा आहे?

इकुए मिकामी


मिकामी गॅरेज, १० एप्रिल

वहिनी,

आवाज नाही, तर तो कशाचा हे कसं सांगू?

मी अठ्ठेचाळीस वर्षं गाड्या ऐकतोय. माझ्या हाताखाली शिकलेले लोक आधी चाक काढतात, मग विचार करतात. मी चाक काढत नाही. मी गाडी चालवतो, खिडकी उघडी ठेवतो आणि ऐकतो. कुठला नट ढिला आहे ते मला चौकातूनच कळतं. तुमची गाडी तीनदा चालवली. डावीकडे चालवली, उजवीकडे चालवली, मागे घेतली. गाडी गप्प आहे.

तुम्ही मास्तरीण. तुम्हाला पुरावा लागतो, तर घ्या. तुमची ती बंद पडलेली शाळा आहे ना, तिच्या मैदानावर गाडी न्या. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून पायी चालायच्या वेगाने गोल फिरा. मग उजवीकडे, मग उलट्या गिअरमध्ये. आवाज आला तर लिहा. नाही आला तर तसंही लिहा, आणि माफी मागा.

डावीकडे वळताना ॲक्सलच्या टोकाचा सांधा वाजत असेल, तर तो उजव्या चाकाचा असतो, कारण भार बाहेरच्या चाकावर पडतो. एवढं मी फुकट सांगतो. पण तो वाजत नाही.

आणि वर्षश्राद्धाला मी जे सगळ्यांसमोर बोललो ते अजून माझं मत आहे. झाडं तोडा, खाली राहायला या. तुम्ही तेव्हा मला "शिडीवर चढायला घाबरणारा" म्हणालात. ते मी विसरलेलो नाही.

तोकुजी


हिरासावा, १३ एप्रिल

तोकुजी भावोजी यांस,

प्रयोग केला. मैदानावर कडेला अजून बर्फ आहे, मधला भाग कोरडा आहे. इंजिन गरम, खिडकी उघडी, रेडिओ बंद. प्रत्येक दिशेला दहा फेऱ्या घेतल्या.

डावीकडे पुढे जाताना दहापैकी दहा वेळा आवाज आला. उजवीकडे एकदाही नाही. डावीकडे मागे घेताना दहापैकी सात वेळा आला, पण बारीक. सरळ जाताना काहीच नाही. चाकाच्या एका फेऱ्यात साधारण सहा ठोके पडतात. मोजायला सोपं जावं म्हणून मी टायरवर खडूने खूण केली होती.

माझ्या वर्गात हे पुरेसं असतं. तुमच्या उत्तराला मी शून्य देते.

आता दुसरी गोष्ट, आणि मुख्य तीच आहे. काल हिरोफुमीचा सेंदाईहून फोन आला. आधी त्याने हवा कशी आहे विचारलं, मग जेवण, मग झोप. मी म्हटलं, "हिरोफुमी, तू विमा विकायला फोन केला आहेस का? काय ते बोल."

तर म्हणाला, "आई, काका म्हणतात तुला नसलेले आवाज ऐकू येतात."

"कुठले काका?"

"आई, मला काकांचं पत्र आलंय. काळजीने लिहिलंय त्यांनी."

तो सुट्टीत २९ तारखेला येतो आहे. लायसन्स परत करायचा फॉर्म घेऊन येणार आहे. माझं नाव, जन्मतारीख, सगळं त्याने भरून ठेवलंय, फक्त सहीच्या जागी माझा शिक्का मारायचा बाकी आहे. पोलीस चौकीत लायसन्स दिलं की टॅक्सीची सवलतीची कुपनं मिळतात, तेही त्याने मला समजावून सांगितलं. या टेकडीवर कुठली टॅक्सी येते, ते मात्र त्याच्या कागदात नाही.

मी त्याला म्हटलं, आवाज खरा आहे. तो म्हणाला, "काकांनी गाडी स्वतः चालवून पाहिली आई. गाडीतलं त्यांना कळणार की तुला?" मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला तुम्ही लावलंत.

तुम्ही माझ्या मुलाला लिहिलंत की माझं डोकं चालत नाही. हे खरं आहे का? हो किंवा नाही.

इकुए


मिकामी गॅरेज, १५ एप्रिल

वहिनी,

हो.

लिहिलं, आणि पुन्हा लिहीन. डोकं चालत नाही असं नाही लिहिलं. लिहिलं की गाडीत आवाज नसताना वहिनींना तो येतो, तीनदा आला, आणि मला भीती वाटते. आज आवाज ऐकू येतोय, उद्या ब्रेकच्या जागी दुसरं काही दाबाल. त्या वाटेला कठडा नाही. खाली नदी आहे. गेल्या हिवाळ्यात वरच्या आळीतला म्हातारा सरळ शेतात गेला, तेव्हा ती गाडी ओढून काढायला मीच गेलो होतो. गाडीत तो अजून स्टीअरिंग धरून बसला होता आणि मला म्हणाला, "रस्ता हलला."

दादाच्या बायकोला मी तसं ओढून काढणार नाही.

तुमचा तक्ता वाचला. चाकाला सहा ठोके वगैरे फार सुंदर आहे. मी माझ्या डोळ्यांनी आणि माझ्या कानांनी पाहिलं ते असं, की गाडी ठीक आहे. नोव्हेंबरात सरकारी तपासणीला मीच तिच्याखाली झोपलो होतो. रबर, सांधे, ब्रेक सगळं नव्यासारखं होतं. पाच महिन्यांत असं काय होणार?

शिक्का मारा. गॅरेजच्या मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. नोबुएला सोबत होईल. ती हल्ली माझ्याशी फार कमी बोलते.

तोकुजी


हिरासावा, १७ एप्रिल

तोकुजी भावोजी यांस,

तुम्ही चाक काढलं नाहीत, म्हणून मी त्याच्या मागे बघितलं.

शाळेच्या प्रयोगशाळेतला दातांच्या डॉक्टरचा आरसा माझ्याकडे आहे. चाकं पूर्ण डावीकडे वळवून इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावला नाही, तुम्हाला ओरडायला निमित्त नको. जमिनीवर पोतं टाकून आडवी झाले आणि विजेरी आणि आरसा उजव्या चाकाच्या मागे घातला. रिमच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं, चिकट ग्रीस उडालेलं आहे. सांध्यावरचं रबरी आवरण, तुम्ही ज्याला बूट म्हणता, ते दोन घड्यांच्या मधे फाटलं आहे. फट माझ्या करंगळीएवढी आहे. आतलं ग्रीस बाहेर गेलं, बाहेरचा चिखल आत गेला आणि सांधा कोरडा पडून वाजतो आहे. हे मला पोत्यावर पडून सात मिनिटांत दिसलं. तुम्हाला तीन वेळा गाडी मिळूनही दिसलं नाही.

मी रागाने तशीच पुलापलीकडच्या नाराओकाच्या गॅरेजमध्ये गेले. वेग वीस, वळणं सावकाश घेतली. त्याने गाडी अंगणात येतानाच हात वर केला आणि म्हणाला, "थांबा आजी, उजवा सांधा गेलाय." मी अजून दारही उघडलं नव्हतं. त्याला ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

आता नीट वाचा. तिथे तांदूळवाल्या सुगावारांची व्हॅन उभी होती. ते स्वतःही होते. मला पाहून ते व्हॅनच्या मागे गेले.

मी म्हटलं, "सुगावारा, तुम्ही तर आमच्या भावोजींचे गिऱ्हाईक."

"वहिनी, हळू बोला. तोकुजींना सांगू नका हो. वाईट वाटेल त्यांना."

"का? काय झालं?"

"ब्रेक लावला की मांजर चिरडल्यासारखी ओरडायची व्हॅन. त्यांनी दोनदा बघितली. म्हणाले, आवाज नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, अगदी छान झाली, आभारी आहे. वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी टोफूसुद्धा नेऊन दिला."

न्हावीण ओसानाई बाईंचं तेच. त्या म्हणाल्या, "एवढा जुना माणूस, तोंडावर कसं सांगायचं?" टपालवाल्याचंही तेच. दोन वर्षं हे चाललंय. सगळं गाव तुमच्यापुढे वाकतं, आभार मानतं आणि गाडी घेऊन पूल ओलांडतं.

मी मूर्ख आहे. मला हे आधी कळायला हवं होतं. मार्चमध्ये गाडी ठेवायला आले तेव्हा मी तुमच्या पाठीमागून म्हटलं होतं, "भावोजी, बाहेर दिवा चालू राहिलाय." तुम्ही वळला नाहीत. मी उद्धटपणा समजले. फोनवर येत नाही तो मी ताठा समजले. नोबुए कमी बोलत नाही, भावोजी. ती बोलते. तुम्हाला ऐकू येत नाही.

तुमचे कान गेले आहेत, आणि तुम्ही माझ्या मुलाला लिहिलंत की माझं डोकं गेलं.

गाडी नाराओकाकडे दुरुस्तीला दिली नाही. का नाही दिली, ते मला विचारू नका. हिरोफुमीला तुम्ही स्वतः लिहा, २९ तारखेच्या आत.

इकुए


हिरासावा, २४ एप्रिल

तोकुजी भावोजी यांस,

सात दिवस झाले. नोबुए फोनवर म्हणते, "ते गाडीखाली आहेत." सात दिवस कोणी गाडीखाली राहत नाही. तिला विचारलं, "जेवतात का?" तर म्हणाली, "जेवतात, पण भांडल्यासारखे."

मी लिहिलेलं मागे घेत नाही. सगळं तपासलेलं आहे.

पण मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. गाळलेली गोष्ट लपवलेलीच असते, आणि मी मुलांना याच कारणासाठी वर्गाबाहेर उभं करत असे. म्हणून लिहिते. फाटलेल्या रबराच्या घडीत एक काटकी अडकली होती. मी ती चिमट्याने काढली. सफरचंदाच्या झाडाची आहे, तिरपी कापलेली. माझ्याच करवतीचा काप आहे, मी तो ओळखते.

फेब्रुवारीत बर्फावर छाटणी केली. तुमचे भाऊ असते तर त्यांनी फांद्या आधी गोळा केल्या असत्या. "छाटलेल्यावर गाडी घालायची नाही, इकुए," हे ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी मी म्हणायचे, "कळतं मला." यंदा गोळा करायला दुसरं कोणी नव्हतं. पाठ दुखत होती. बर्फ गोठलेला होता, फांद्या त्याच्याखाली अर्ध्या गाडलेल्या. डबा आणि करवती डिकीत टाकून मी चार ओळी गाडी त्यांच्यावरूनच नेली. काहीतरी खालून तटकन वाजलं ते मी ऐकलं होतं. थांबून पाहिलं नाही.

तेव्हा नोव्हेंबरात रबर नव्यासारखं होतं हे तुमचं म्हणणं बरोबर. तेवढ्याचा एक गुण देते.

हिरोफुमी पाच दिवसांनी येतो आहे. मी शिक्का देवघराच्या खणात कुलूप लावून ठेवला आहे, पण मुलाने समोर बसून हात जोडले तर मी किती वेळ टिकेन ते मला माहीत नाही. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

इकुए


मिकामी गॅरेज, २६ एप्रिल

वहिनी,

तुमचं १७ तारखेचं पत्र मी चुलीत घातलं. मग नोबुएला विचारलं. कागदावर लिहून विचारलं: "खरं का?" ती इतका वेळ रडली, की मला तेही ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं.

तिने दोन वर्षांपूर्वी कानाचं यंत्र आणलं होतं. मी ते पान्यांच्या खणात टाकलं होतं. परवा लावलं. सगळं पत्र्याच्या डब्यात घडल्यासारखं ऐकू येतं. नोबुए मुळ्याचं लोणचं चावते, तर मला वाटतं कोणी छप्पर उचकटतंय. पण तुमचा सांधा वाजतो तसला बारीक आवाज यंत्रातूनही नीट येत नाही.

हे मला थोडंफार माहीत होतं. थोडंफारच. पक्कड पडली की ती वाजत नाही एवढं कळायचं. मग मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचो आणि मूठ जबड्याला लावायचो. दातांतून कळतं. इंजिनाचं असं कळतं. चालत्या चाकाला जबडा लावता येत नाही. म्हणून चाकाचा आवाज नाही, असं मी सांगत आलो. कुणी परत आलं नाही, तेव्हा वाटलं माझं बरोबर आहे. सुगावाराचा टोफू मी खाल्ला. दोनदा.

त्या हरामखोरांपैकी एकाने तोंडावर शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. तुम्ही दिलीत. त्याबद्दल आभार मानणार नाही.

काटकीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी येऊन तुम्हाला ओरडणारच आहे. दादा ओरडला नसता, तो नुसता बघायचा.

हिरोफुमीला काल पत्र टाकलं, घाईच्या टपालाने. नोबुएने वाचून पाठवलं, म्हणजे मी पळवाट ठेवली नाही याला साक्षीदार आहे. त्यात तीन ओळी आहेत: "तुझ्या आईने ऐकलं ते खरं होतं. मला ऐकू येत नाही, हे मी लपवलं. उजव्या सांध्याचा फोटो सोबत जोडला आहे." फोटो काढायला मी तुमच्याकडे आलो होतो, परवा सकाळी. तुम्ही वरच्या ओळीत शिडीवर होतात. मी हाक मारली नाही, कारण तुम्ही उत्तर दिलं असतं आणि मला ते कळलं नसतं.

अख्खा ॲक्सल मागवला आहे. रविवारी गाडी हळू चालवत आणा. आधी चाक काढीन, मग बोलीन. काम झालं की शाळेच्या मैदानावर जाऊ. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. आवाज आला की डॅशबोर्डवर बोटाने टकटक करा. तुम्ही नाही केलंत, तर मी मान्य करीन की आवाज नाही. गावातल्या दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. हे लिहिताना माझे दात दुखतात.

तोकुजी

ता. क. शिडी तिसऱ्या पायरीवर हलते. मला खालून दिसलं.


हिरासावा, ५ मे

तोकुजी भावोजी यांस,

वरच्या तीन ओळींतली झाडं कालपासून फुलली आहेत, खालच्या अजून गुलाबी कळीत आहेत. डोंगराच्या माथ्यावर बर्फ आहे आणि वारा थंड आहे, पण मधमाश्या आल्या आहेत. हिवाळ्यात नोबुएची आणि तुमची तब्येत बरी राहिली असेल अशी आशा करते. पद्धत म्हणून नाही लिहिलं.

हिरोफुमी चार दिवस राहून गेला. पहिल्या दिवशी त्याने फॉर्म मेजावर ठेवला. मग तुमचं पत्र खिशातून काढलं आणि म्हणाला, "आई, काकांनी असं पत्र आयुष्यात कुणाला लिहिलं असेल का?" मी म्हटलं, "नाही." मग तो बागेत गेला आणि छाटलेल्या फांद्या एकट्याने गोळा केल्या. तीन दिवस लागले. रोज संध्याकाळी त्याची पाठ दुखत होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीला त्याने वाकडीतिकडी पट्टी मारली आहे. जाताना म्हणाला, "पुढच्या परीक्षेच्या वेळी बघू." लायसन्सची परीक्षा जूनमध्ये आहे. वयामुळे स्मरणशक्ती तपासतात आणि मग मैदानावर गाडी चालवायला लावतात. मी नापास झाले तर शिक्का मीच मारीन, हे त्याला सांगितलं. पास झाले तर तो मला पुन्हा कुपनांबद्दल सांगणार नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. फॉर्म तो इथेच विसरला. की ठेवून गेला. मागची बाजू कोरी आहे, ती मी वापरली.

आता कामाचं. रविवारी मैदानावर डावीकडे दहा फेऱ्या झाल्या आणि मी एकदाही टकटक केली नाही. तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होतात, समोर नाही. झेंड्याच्या खांबापासून आपण हातभर अंतरावरून गेलो. हे पुन्हा करू नका.

नंतर तुम्ही विचारलंत, "काय?" आणि मी मान हलवली. तुम्ही ते "ठीक आहे" असं घेतलंत. ते डावीकडच्या वळणापुरतं खरं होतं. डावीकडे आवाज पूर्ण गेला आहे. आठवडाभर रोज तिन्ही वळणांवर खिडकी उघडून पाहिलं. त्या फॉर्मच्या पाठीवर तक्ता आहे, सोबत पाठवते.

पण उजवीकडे वळताना खड्डा आला की अजून बारीक कुरकुर आहे. आधी ती कट-कटमध्ये दबली असावी. चाकातून नाही, वरून येते, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. इंजिन थंड असताना जास्त असते. दुसरं कुणी असतं तर, छान झाली, आभारी आहे, असं लिहून तुम्हाला टोफू पाठवला असता.

गाडी छान झालेली नाही. गुरुवारी नऊला घेऊन येते. चाक काढून ठेवायची तयारी ठेवा, आणि यंत्र कानात असू द्या. मी पाठीमागून बोलणार नाही.

इकुए